टीव्हीच्या टास्कचं सामान आपल्याकडं बनतं तेव्हा

कानस_पॉलिश (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. आमचं वर्कशॉप म्हणजे गणपतीची आरास, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाचे स्टेज आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत दुकानांचे बोर्ड. गेल्या हंगामात टीव्हीच्या एका स्पर्धेच्या कार्यक्रमासाठी खेळांचं सामान बनवायचं काम आलं. करारामुळं कार्यक्रमाचं नाव लिहिता येत नाही. कुणी ओळखलंच तर पोटात ठेवा. व्यनितून (खाजगी निरोपातून) इतक्यांनी विचारलं की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा धागाच काढतोय.

सेटवरची शोभेची तलवार समोरून चमकली की तिचं काम झालं. स्पर्धेतल्या वस्तूवर मात्र कुणाची तरी हार-जीत ठरते. दोन संघांच्या हातात दिलेल्या दोन वस्तू मापाला, वजनाला, सरकायला सारख्या पाहिजेत आणि वस्तूकडं बघून उत्तर कळता कामा नये. रंगरंगोटी त्याच्या नंतर. आरास करून हात बसलेल्या आमच्या पोरांच्या हे गळी उतरवणं सगळ्यात अवघड गेलं. आराशीत दोन खांब अर्धा इंच कमी-जास्त झाले तर आपण झेंडूची माळ सोडतो आणि मोकळे होतो. इथं माळ सोडून भागत नाही.

एक खेळ पाण्याचा होता. तळाला भोक असलेली बादली घेऊन पळायचं, शेवटी ज्याच्या पिंपात पाणी जास्त तो जिंकला. ऐकायला सोपं. पण बाजारातून एकसारख्या बादल्या आणून हातड्रिलनं भोकं पाडली, तर प्लास्टिक वितळून काठाला झालर येते आणि एखादं भोक 5 मिमी, एखादं 6 मिमी होऊन बसतं. एक मिमीनं काय बिघडतं? पाणी भोकाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबानं गळतं. पाचाचा वर्ग 25, सहाचा 36. म्हणजे सहाच्या भोकातून 44 टक्के जास्त गळती. पळणारा बिचारा जीव तोडून पळतोय आणि हरतोय आमच्या ड्रिलमुळं.

म्हणून वाळूजला लेथवर पितळेचे बुश (आरपार भोक असलेल्या छोट्या नळ्या) कातून घेतले. सगळे एकाच बारमधून, एकाच ड्रिलनं, वर रीमर (भोक नेमक्या मापाचं, गुळगुळीत करायचं हत्यार) फिरवून. बादलीला मोठं भोक, त्यात बुश, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि आतून नट. बुशाच्या काठावरून नख फिरवलं तर कुठं अडकायला नको. बारीक कूस राहिली तरी धार तिरकी पडते आणि गळती बदलते. मग प्रत्येक बादली खुणेपर्यंत भरून टांगायची आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर लावायचं. जिची वेळ जुळत नाही ती रंग कालवायला. पिंपांचंही तेच. 20 सेंमी व्यासाच्या आणि 21 सेंमी व्यासाच्या नळकांड्यात तेवढंच पाणी ओतलं, तर दुसऱ्यातली पातळी 9 टक्क्यांनी खाली दिसते. घरी बघणारा पातळीच बघतो, लिटर मोजत नाही.

दुसरा खेळ होता कोडं जुळवायचा. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर, सहा बाय चार फूट, दोन संघांना दोन. 12 मिमी प्लाय घेतला. लेझरनं कापला तर एवढ्या जाडीला कडा जळून काळ्या पडतात, हात काळे होतात आणि ते कॅमेऱ्यात दिसतं. म्हणून सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, फिरत्या पात्यानं कापणारं मशीन. त्याचं 6 मिमीचं बिट आतल्या कोपऱ्यात 3 मिमीची गोलाई सोडतंच, तेव्हा तुकड्यांच्या खाचा पहिल्यापासून गोल काढाव्या लागतात. दोन्ही संच एकाच फाईलवरून आणि एकाच लॉटच्या शीटमधून, कारण 12 मिमी म्हणून मिळणारा प्लाय दोन दुकानांत दोन जाडीचा निघतो.

खरी गोम पाठीमागं. प्लायच्या पाठीवर लाकडाच्या रेषा असतात आणि एका शीटमधून कापलेल्या सगळ्या तुकड्यांच्या रेषा एकाच दिशेला. हुशार खेळाडू तुकडा उलटा करतो, रेषा उभ्या लावतो. अर्धं कोडं चित्र न बघताच सुटलं. म्हणून पाठ पण सपाट एका रंगानं रंगवली. पेन्सिलचे नंबर, मशीनच्या क्लॅम्पच्या खुणा, सगळं पुसून. आणि सरावाला वापरलेला संच चित्रीकरणाला द्यायचा नाही. हाताळून कडा घासतात आणि कोणता तुकडा कुठं बसतो ते कडाच सांगायला लागतात.

विचारा काय विचारायचं ते. जमेल तसं लिहितो.

दुधनेचं_पाणी (परतूर)

लई भारी राव. बादलीच्या भोकावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं असतं तर मी दहावीला दोनदा बसलो नसतो. वाचायलोय, लिहीत रहा.

पैठणगेट

माहिती चांगली आहे, पण एक बाळबोध शंका. हे सगळं एवढं काटेकोर खरंच कुणाला लागतं? बहुतेकांना वाटतं की निकाल आधीच ठरलेला असतो. मग बादलीचं भोक 5 असो की 6.

मॉनिटरमागे (मूळ नांदेड, सध्या मालाड)

पैठणगेट, वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेत हे प्रकरण झालेलंच आहे. 1950 च्या दशकात तिथल्या प्रश्नमंजूषांमध्ये आवडत्या स्पर्धकांना उत्तरं आधी पुरवली जात होती. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमाचा गाजलेला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन यानं 1959 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढं तसं कबूल केलं आणि 1960 मध्ये कायदा बदलून अशी हेराफेरी तिकडं गुन्हा ठरवली.

आता आमच्या बाजूनं सांगतो. मी कलादिग्दर्शकाच्या हाताखाली काम करतो. निकालाचं वरचे बघोत, पण खेळ लंगडा निघाला तर सेटवर काय होतं? स्पर्धक तिथंच भांडायला उभा राहतो. चित्रीकरण थांबतं, सगळं युनिट बसून भाड्याचं मीटर चालू. त्यामुळं सामान सारखं आहे याची काळजी प्रामाणिकपणासाठी नाही तर निदान पैशासाठी तरी घेतलीच जाते. खेळ आधी ‘डमी’ लोकांकडून खेळवून बघतात. वेळ किती लागतो, कुठं तुटतं, कुठं पळवाट सापडते. आमच्यातला एक स्पॉटदादा पळवाट शोधण्यात इतका पटाईत आहे की नवा खेळ आला की आधी त्याच्यापुढं ठेवतात.

कानस_पॉलिश, प्लायच्या रेषांचं निरीक्षण एक नंबर. आता कॅमेऱ्याचं थोडं मी लिहितो, कारण जिल्ह्यातून येणारं सामान बहुतेक त्याच कारणानं परत जातं.

चकचकीत काही नको. सनमायका, ऑइलपेंट, सोनेरी फॉइल सगळं दिव्याखाली पांढरा डाग होऊन दिसतं. मॅट रंग मारा; सोनं दाखवायचं असेल तर पिवळसर तपकिरीवर मॅट सोनेरीचा हलका हात. शुभ्र पांढराही टाळा, किंचित मळका ठेवा. बारीक उभ्या रेघा किंवा जाळी कॅमेऱ्यात लाटांसारखी हलते. पैठणीच्या काठाचं बारीक जरीकाम जसंच्या तसं उतरवलं तर नेमकं हेच होतं; नक्षी मोठी करून तीन-चार रंगांतच बसवायची. देवनागरी अक्षरं जाड आणि मोकळी हवीत, नाही तर लांबच्या फ्रेममध्ये वेलांट्या गायब होतात आणि ‘किती’चं ‘कत’ होतं.

एलईडी पट्ट्या लावताना स्वस्तातला डिमर वापरू नका. तो दिवा मंद करत नाही, भराभर चालू-बंद करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकतात. आपल्याकडं वीज 50 हर्ट्झची आणि टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमचं, त्यामुळं साध्या दिव्यांचं जमून जातं. या डिमरचं जमत नाही.

आणि कंपन्यांची नावं! प्लायवरचा शिक्का, बादलीवरचा छाप, टेपवरचं नाव. फुकटची जाहिरात कुणाला चालत नाही. आमचा अर्धा दिवस काळी टेप लावण्यात जातो.

आजीचा_चष्मा

विषयांतर करते, माफ करा. ‘होम मिनिस्टर’ 2004 मध्ये सुरू झालं तेव्हा घरच्या हॉलमध्ये मावतील असे खेळ आणि बक्षिसाला पैठणी, एवढ्यावर अख्खा महाराष्ट्र संध्याकाळी टीव्हीपुढं बसायचा. 2018 ला मराठीत ‘बिग बॉस’ आलं आणि आता माझी नात भांडी घासायला सांगितली तरी म्हणते, ‘आजी, आज हा टास्क का?’ सामान वाढलं तसे खेळ वाढले की उलट, ते तुम्हीच सांगा.

रेझिनवाला (वाळूज)

कानसभाऊ, रंगरंगोटी नंतर म्हणालात ते पटलं नाही. सारखेपणा हवाच, वाद नाही. पण बघणारा खेळात गुंततो तो वस्तू बघून. ‘ताकेशीज कॅसल’ या जपानी कार्यक्रमात तळ्यातल्या त्या दगडांवर सगळी गंमत होती, काही पक्के, काही तरंगते, आणि दिसायला सगळे सारखेच खडक. तिथं दिसणं हाच खेळ होता. रंग मारणारा माणूस पहिल्या बैठकीला बसला नाही तर शेवटी गोदामातल्या खोक्यांवर खेळ होतो.

मी फायबरचं काम करतो, त्यामुळं ज्यांना नवीन हात घालायचाय त्यांच्यासाठी चार गोष्टी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या 42-43 डिग्रीत रेझिन (फायबर जमवायचा चिकट द्रव) हातात असतानाच घट्ट व्हायला लागतं. हार्डनर कमी घ्या, थोडं थोडं कालवा, सकाळी लवकर काम उरका. आणि पोरांना पहिल्या दिवशी बजावून ठेवा की कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, मग हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. दोन्हींच्या बाटल्या एका फळीवर सुद्धा ठेवू नका.

फोडायच्या वस्तूंचं विचारतील कुणीतरी, म्हणून आधीच लिहितो. खऱ्या मडक्याच्या खापऱ्या पायात घुसतात. पातळ प्लास्टर ऑफ पॅरिसचं मडकं ओता, आत एकही जाळी किंवा काथ्या नको, म्हणजे भुसभुशीत फुटतं. सगळ्या मडक्यांना प्लास्टर वजन करूनच घ्यायचं, नाही तर एका संघाचं पहिल्या फटक्यात फुटणार आणि दुसऱ्याचं पाचव्या. काचेच्या जागी साखरेची काच करतात. साखर, पाणी आणि ग्लुकोज सिरप 150 डिग्रीच्या आसपास शिजवून साच्यात ओतायचं. इथं उन्हाळ्यात ती खणखणीत राहते. मुंबईच्या पावसाळी हवेत मात्र ओल ओढून घेऊन बोटाला चिकटायला लागते. तिथल्यासाठी साखरेऐवजी आयसोमाल्ट (साखरेसारखाच एक गोड पदार्थ) घ्या. महाग पडतं, पण ओल कमी धरतं.

कानस_पॉलिश

रेझिनवाला, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. रंगारी पहिल्या बैठकीला हवा. पण वेळ कमी पडला की कात्री कुठं लावायची, हा प्रश्न येतोच. तेव्हा मी रंगाचा तिसरा हात सोडीन, तिसरं मोजमाप सोडणार नाही. ताकेशीच्या दगडांचं म्हणाल, तर कोणता दगड पक्का हे कडेच्या रंगावरून कळलं असतं तर तो खेळ पहिल्याच भागात संपला असता. म्हणजे तिथंही रंगाचं काम उत्तर लपवायचंच.

>> सामान वाढलं तसे खेळ वाढले की उलट

आजी, ठेकेदार म्हणून उत्तर देतो: सामान वाढलं हे उत्तमच झालं.

ओलीचा मुद्दा आला म्हणून कोड्याचं एक राहिलेलं सांगतो. इथं कोरड्या हवेत तुकडे एकमेकांत मस्त सुळसुळीत बसतात. मुंबईत गोरेगावला सेटवर गेल्यावर तेच लाकूड ओल पिऊन फुगतं आणि शेवटचा तुकडा हातोडीशिवाय बसत नाही. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली शीट) तर आणखी वाईट, कडेनं पावासारखं पाणी पितं. म्हणून तुकड्यांमध्ये दीड मिमीची फट धरली आणि कडांना सीलरचे दोन हात दिले. पुढून फट दिसू नये म्हणून कडा गडद रंगाच्या.

मांजराकाठी (लातूर)

धागा फार कामाचा. आमच्या शाळेच्या आणि गंजगोलाईच्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला नशिबाचं चक्र हवंय, 12 घरांचं, उभं. मागच्या वेळी एका सुतारदादांनी करून दिलं, पण ते कितीही फिरवा, साबणाच्या बक्षिसावरच थांबायचं. लोक हसले, पण ज्यांना तीनदा साबण मिळाला ते नाही हसले. काय करावं?

कानस_पॉलिश

ताई, तुमच्या चक्राची साबणासमोरची बाजू जड होती, दुसरं काही नाही. दर्शक काटा वर असेल तर जड बाजू खाली जाते आणि तिच्या समोरचं घर काट्याखाली येतं.

उभ्या चक्राला समतोल साधावाच लागतो. चांगल्या बेअरिंगवर बसवा (जुनी सायकल मिळाली तर तिचा हब उत्तम), काट्याची पट्टी (घरांमधल्या खिळ्यांवर अडत जाते ती) बाजूला काढा, आणि चक्र अगदी हळू सोडा. डुलत डुलत जी बाजू खाली येऊन थांबते ती जड. समोरच्या कडेला पाठीमागून नट-वायसर चिकटवत जा. कुठंही सोडलं तरी तिथंच राहायला लागलं की झालं. मग पट्टी लावून शंभरेक वेळा फिरवा आणि घरांवर खडूनं रेघा मारत जा. 12 घरांना साधारण सारख्या रेघा पडल्या पाहिजेत. थोडं कमी-जास्त होणारच, पण एका घरावर वीस आणि शेजारी दोन असं दिसलं तर पुन्हा वजन बघा. खिळे सगळे एका मापाचे आणि बरोबर 30 अंशांवर. एखादा खिळा अर्धा मिमी बाहेर आला तरी पट्टी तिथंच अडते. पट्टी नायलॉनची घ्या, चामड्याची नको. चामडं चार तासांत मऊ पडतं आणि शेवटच्या लोकांसाठी चक्र जास्त फिरतं.

समतोलाची कटकटच नको असेल तर चक्र आडवं करा, जात्यासारखं. आडव्या चक्राला जड बाजू त्रास देत नाही, कारण खाली ओढायला जागाच नाही. अट एकच, जमीन सपाट पाहिजे; पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून बघा. अमेरिकेत ‘द प्राइस इज राइट’चं मोठं चक्र उभं आहे आणि 1975 पासून चालू असलेल्या ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’चं आडवं. ते एक टनाहून जड आहे म्हणे, तरी स्पर्धक हातानं फिरवतात. आडव्याची अडचण एवढीच की मागच्या रांगेतल्या लोकांना काही दिसत नाही, त्यांना वरून कॅमेरा लावून दाखवावं लागतं. शाळेच्या मैदानावर तुम्हाला उभंच बरं.

दुधनेचं_पाणी

ताई, साबणाच्या घरात पाचशेची नोट ठेवायची होती. चक्र एकदम प्रामाणिक वाटलं असतं सगळ्यांना.

मांजराकाठी

:D धन्यवाद दोघांनाही. सायकलच्या हबची कल्पना सुतारदादांना दाखवते.

पैठणगेट

शंका मागे घेतो. आता दुसरी: थर्माकोलचं काय? पूर्वी गॅदरिंगला किल्ला, महाल, हत्ती सगळं थर्माकोलचंच.

कानस_पॉलिश

2018 च्या राज्याच्या बंदीपासून सजावटीचं थर्माकोल आम्ही सोडलं. खेळासाठी ते तसंही कुचकामी. माणूस आपटला की चुरा, आणि तो चुरा प्रत्येक फ्रेममध्ये उडत राहतो. शिवाय त्याला रबरी सोल्युशन किंवा स्प्रेपेंट लावलं की ते विरघळून खड्डे पडतात.

त्या जागी आता ईव्हीए फोम. चपलांच्या तळव्यांना लागतो तोच, 2 मिमीपासून जाड शीटपर्यंत मिळतो. पात्यानं लोण्यासारखा कापला जातो, हीटगननं गरम करून वाकवला की गार झाल्यावर तसाच राहतो. डोक्यात पडला तरी टेंगूळ येत नाही, म्हणून फेकाफेकीच्या खेळात याला तोड नाही. रंग देण्याआधी हीटगनची ऊब सगळीकडून फिरवा, वरची छिद्रं मिटतात, मग प्रायमर. चिकटवायला रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं, मे महिन्यात इथं तेवढं थांबलात तर वाळून जातं. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, त्यामुळं दोघांनी मिळून लावा. आणि शेडची दारं उघडी ठेवा. त्या वासानं पोरांची डोकी चढतात. एका पोराला विचारलं तर म्हणतो, ‘मालक, मला तर छान वाटायलंय’. त्याला आधी बाहेर काढा.

सीए_बिंदुसरा (बीड)

तांत्रिक बाजू छान झाली. कुणी पैशाचं बोलेल का? माझ्याकडं दोन मंडपवाले येतात, दोघांचेही अशाच कामाचे पैसे अडकलेत.

कानस_पॉलिश

बोलतो. आम्हाला काम थेट निर्मात्याकडून नव्हतं, मधे एक ठेकेदार होता. नाव घेत नाही. सामान गेलं, चित्रीकरण झालं, भाग दिसला सुद्धा, आणि बिल ‘वर गेलंय’. वर म्हणजे कुठं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात भर म्हणजे फोनवर सांगितलेले बदल. ‘दादा, मोराचा निळा जरा हिरवट करा’, ‘आणखी चार बादल्या पाठवा’. बिलात लावलं तर ‘हे ठरलं नव्हतं’. आता प्रत्येक बदल व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागतो आणि समोरच्याचं ‘हो’ आल्याशिवाय करवतीला हात लावत नाही. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेल्यातली निम्मी गाडी भरताना. गाडी सुटल्यावर आपल्या हातात काही राहत नाही.

सीए_बिंदुसरा

बरोबर. त्यात एक जोडतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आधी करून घ्या, फुकट होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याच्या आधीची हवी, भांडण सुरू झाल्यावर करून उपयोग नाही. बिलावर नोंदणी क्रमांक छापा. नुसता तो क्रमांक बघूनही काही जणांचे हात खिशात जातात.

मॉनिटरमागे

खरंय, लेखी नसेल तर आम्हीही आमच्या लोकांसाठी वर भांडू शकत नाही.

गाडीचा विषय निघालाय तर: समृद्धी महामार्ग जून 2025 ला मुंबईच्या बाजूला आमण्यापर्यंत पूर्ण उघडला, त्यामुळं संभाजीनगर-जालन्याहून सामान आणणं आता सोपं झालंय. पण छोट्या हत्तीत आठ फुटी शीट फाळकं लावून बसत नाही, हे लक्षात ठेवून सामानाचे भाग पाडा. सेटवरच्या दारांची मापं आधी मागवा. जोड खिळ्यांनी करू नका, नट-बोल्ट आणि टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) लावा. प्रत्येक भागावर आतल्या बाजूला नंबर, आणि दोन्ही संघांच्या संचांना वेगळ्या रंगाची खूण. हा धागा वाचून पाठवणाऱ्यांना विशेष विनंती, की बोल्टच्या मापाचा एक पाना त्याच पेटीत टाका. रात्री दोनला फिल्मसिटीत 13 चा पाना शोधत फिरायची हौस नाही.

आणि सुटे भाग. पहिला संघ खेळून गेला की दुसऱ्यासाठी सगळं पुन्हा जागेवर लावायला आम्हाला काही मिनिटंच मिळतात. पडणाऱ्या, फुटणाऱ्या, भिजणाऱ्या वस्तूंचे जादा नग नसतील तर खेळच रद्द होतो.

मांजराकाठी

अजून एक विचारू का? प्रश्नमंजूषेला बझर हवेत, चार संघांना. मुलांचं दरवर्षी भांडण, ‘मी आधी दाबलं’. बाजारात बिनतारी मिळतात ते घ्यावेत का?

रेझिनवाला

वायरवालेच घ्या. बिनतारीत एखाद्याची बॅटरी उतरली की त्याचं बटण उशिरा पोचतं आणि भांडण पुन्हा तिथंच. टीव्हीच्या सेटवर तर साउंडवाले बिनतारी काही आणलं की डोळे वटारतात, त्यांचे माइक त्याच हवेत चालतात.

कानस_पॉलिश

ताई, एक आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम भरता येतो असा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), चार मोठी बटणं आणि चार दिवे एवढ्यात होतं. पहिलं बटण दाबलं की बाकीची तीन बंद, सरांनी रीसेट दाबेपर्यंत. बोर्ड बटणं एकामागून एक तपासतो, पण तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. माणसाला ऐकून बोट हलवायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो, त्यामुळं त्याची काळजी नको.

काळजी बटणांची. चारही एकाच पेटीतली, एकाच कंपनीची घ्या. एकाचं स्प्रिंग कडक आणि खोल असेल तर तो संघ हरतोच. टेबलांची उंची सारखी ठेवा आणि बटण टेबलाला स्क्रूनं पक्कं करा, नाही तर मुलं उचलून मांडीवर घेतात. दिवा संघाच्या पुढ्यात नको, परीक्षकांच्या टेबलावर ठेवा.

मांजराकाठी

बटणं कुठं मिळतील? लातूरला एका दुकानात बघितली, पण चार एकसारखी नव्हती.

कानस_पॉलिश

व्हिडिओगेमच्या मशिनला असतात ती मोठी गोल बटणं ऑनलाइन मागवा, सहा घ्या म्हणजे दोन जादा राहतील. जुनी चालत असतील तर रविवारी जाफर गेटच्या बाजारात भंगारात कधीकधी सापडतात, पण तिथं चार सारखी मिळणं अवघडच. सर्किट आणि प्रोग्रॅम व्यनि करतो. तुमच्या केबलची लांबी किती लागेल तेवढी कळवा.

मांजराकाठी

सभागृह मोजून उद्या सांगते.

दुधनेचं_पाणी

ताई, चारही केबली सारख्या कापा बरं का. नाही तर हे बुश कातायला वाळूजला पाठवतील.